फोंडो आणि त्याच्याबरोबरचे

माझ्या नवऱ्याने काय गुन्हा केला होता, ते आधी ऐकून घ्या. त्याने स्वतःच्या शेतातला मका कापला. बस्स, एवढंच. चोरी नाही, मारामारी नाही, कुणाच्या बकरीला हात लावला नाही. स्वतः पेरलेला, स्वतः खुरपलेला, रानडुकरांपासून राखलेला मका त्याने कापून घरी आणला, म्हणून तो सरकारच्या लेखी गुन्हेगार. हे सांगितलं की आताच्या पोरी एकमेकींकडे बघतात. "आजी, मधलं काहीतरी विसरलात तुम्ही," म्हणतात. अगं, मी काही विसरलेली नाही! विसरलं ते सरकार. त्याच्या विसरण्यापायी मी अनवाणी पायांनी कचेरीचे उंबरे झिजवले.

आमची शेतं सबाकी नदीच्या पलीकडे होती. तिकडे काळी कसदार माती, इकडच्या काठाला नुसती वाळू आणि काटे. एके दिवशी जिल्ह्याचा साहेब आला, वाडीच्या तोंडाशी जी गोरखचिंच आहे तिच्याखाली घडीची खुर्ची मांडून बसला, आणि अथुमानीच्या तोंडून सांगितलं की नदीपलीकडची जमीन आता सरकारची, आम्हा सगळ्या गिरियामांनी बिऱ्हाडं उचलून अलीकडे यायचं. अथुमानी म्हणजे साहेबाचा दुभाष्या. मलिंदी बंदराचा माणूस, पांढराशुभ्र झगा घालणारा, चिखल दिसला की झगा वर धरून चालणारा. कशासाठी यायचं ते साहेबाने सांगितलं नाही. ते आम्हाला न सांगता कळलं. आमच्या घरांचे माळे मक्याने भरलेले होते, तोवर गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरीला आणि त्यांच्या लढाईत ओझी वाहायला कोण मरायला जाणार होतं?

फोंडो उठून उभा राहिला. माझा नवरा फार बोलणारा नव्हता, पण उभा राहिला की लोक गप्प बसायचे.

"साहेब, मका अजून हिरवा आहे. कापणी होऊ दे, मग काय ते बघू."

साहेब म्हणाला, "नाही."

"मग कापणार कोण? तुम्ही?"

लोक हसले. अथुमानीने हे शेवटचं साहेबाच्या कानावर घालायला नको होतं. त्या शहाण्याने घातलं. साहेबाचे कान लाल झाले, आणि त्याने फोंडोचा चेहरा तेव्हाच डोक्यात ठेवला असणार.

मका पिकला तसा फोंडो पाचसहा जणांना घेऊन होडीने पलीकडे गेला. त्यांत थोया होता. थोया आमच्याच घरी राहायचा. दुष्काळात त्याचे आईबाप, भाऊ, चुलते सगळे गेले होते. त्याला सख्खंच काय, लांबचंही कुणी उरलं नव्हतं. आमच्या घरी वाढून तो चांगला दांडगा गडी झाला होता आणि ऊठसूट हसायचा. साप निघाला तरी हसायचा मेला. त्याने त्या दिवशी कोयताही हातात घेतला नव्हता. बाकीचे कणसं खुडत होते आणि हा टोपली धरून उभा होता. होडी परत काठाला लागली तेव्हा शिपाई बंदुका घेऊन उभेच होते.

गोरखचिंचेखालीच न्याय झाला. न्याय म्हणायचं आपलं! साहेबाने विचारलं, यांचा म्होरक्या कोण. अथुमानी म्हणाला, फोंडो. साहेबाने बाकीच्यांकडे एकदा बघितलं, मग कलत्या उन्हाकडे बघितलं. त्याच्या चहाची वेळ झाली असावी. अथुमानीने मोठ्याने सांगितलं, "फोंडो आणि त्याच्याबरोबरचे, यांना या मुलखातून हद्दपार करण्यात येत आहे."

मागून थोया ओरडला, "साहेब, माझं नाव थोया!"

जेवणाच्या पंगतीत आपल्याला वाढायचं राहिलं असं सांगावं, तसा ओरडला आणि हसला. अथुमानीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. साहेबाने बघितलं नाही. बाकीच्या कुणाचीच नावं कुणी विचारली नाहीत.

मलिंदीला नेऊन त्यांना गलबतात चढवलं. मी सिदीला, माझ्या लेकीला, पाठीशी बांधून किनाऱ्यावर धावत होते. "कुठे नेताय? अरे, कुठे नेताय ते तरी सांगा!" एक शिपाई म्हणाला, "लांब." हे त्यांचं उत्तर. माणूस नेतात आणि म्हणतात, लांब.

तेव्हापासून मी कचेरीत जायला लागले. पेरणी झाली की जायचे, कापणी झाली की जायचे. दर वेळी अथुमानी दारात.

"काय गं बाई, आज काय?"

"नवरा कुठे आहे माझा?"

"सरकारच्या ताब्यात आहे."

"सरकारच्या ताब्यात म्हणजे कुठे? सरकारचं घर कुठे आहे? मी जाते तिथे."

"तुझ्या पायांनी होणार नाही."

"पाय माझे आहेत, त्यांची काळजी तू करू नकोस. गाव सांग."

तो सांगायचा नाही. कारण त्याला माहीतच नव्हतं! हे कळायला मला फार वेळ लागला. मला वाटायचं मुद्दाम लपवतायत. पण ज्याने पाठवलं तो साहेब लढाईवर गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तो आजारी पडून गेला, तिसरा आला. त्या तिसऱ्याने मला विचारलं, "फोंडो कोण?" अरे बाबा! आमच्याकडे कुणी शेजाऱ्याची बकरी चारायला नेली तर संध्याकाळी कुठे बांधली ते त्याने सांगावं लागतं. बकरीचं! आणि ह्यांनी हाडामांसाची माणसं नेली, आणि कुठे बांधली ते ह्यांनाच ठाऊक नाही. वर आम्हाला अडाणी म्हणायचं. माझा असा संताप व्हायचा, की परत येताना वाटेतल्या झुडपांना काठीने झोडपत यायचे.

मग म्वारिंगाला स्वप्न पडलं.

म्वारिंगा माझा दीर, फोंडोचा धाकटा भाऊ. आमच्यात मेलेला माणूस असा सहजासहजी जात नाही. त्याला थंडी वाजते, भूक लागते, आणि मग तो घरच्यांच्या स्वप्नात येऊन मागणं मागतो. तेव्हा त्याच्या नावाचा कोरीव लाकडी खांब करायचा, वाडीच्या कडेला इतर पितरांच्या रांगेत रोवायचा, त्याच्या गळ्याला कापडाची पट्टी बांधायची, करवंटीतून माडी ओतायची, आणि त्याच्या बायकोने किंवा थोरल्या लेकराने मोठ्याने नाव घेऊन त्याला बोलवायचं. नाव घेतलं की तो येऊन खांबात बसतो. एकदा बसला की बसला. मग तो खांब कुणी हलवायचा नाही, आणि ते नाव दुसऱ्या खांबाला द्यायचं नाही. आता हे जिवंत माणसाच्या बाबतीत केलं तर? तर तो जिथे असेल तिथून त्याला यावं लागतं. म्हणजे मरावं लागतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

म्वारिंगा सकाळी येऊन म्हणाला, "वहिनी, रात्री दादा आला होता. थंडीने कुडकुडत होता. कापड दे म्हणाला."

"तोंड बघितलंस?"

"तोंड नीट दिसलं नाही. पण हसत होता."

"हसत होता?" माझं डोकंच फिरलं. "अरे, तुझा दादा लग्नात हसला नाही, लेक झाली तेव्हा हसला नाही, आणि मेल्यावर हसायला लागला? आणि भूक-थंडी काय असेल ती मला सांगेल ना तो. तुला कशाला सांगेल? तुझी परसातली वांगी मागायला?"

 मला माहीत होतं मी का चिडले. खांब उभा राहिला की मी विधवा, आणि विधवा झाले की रीतीप्रमाणे मी म्वारिंगाच्या घरात त्याची बायको म्हणून जायची. मला वाटलं, ह्याला स्वप्न नेमकं सोयीचं पडलं. पण त्याचा मुलगा तापाने फणफणला होता, शेतात दाणा भरत नव्हता, आणि वाडीत सगळे म्हणत होते की फोंडो उघड्यावर आहे, त्याला बसवा, नाहीतर तो सगळ्यांना झपाटेल.

मी हटून बसले. नवरा जिवंत आहे, मी खांब रोवू देणार नाही. शेवटी केंगाने मधला मार्ग काढला. केंगा वाडीतला सगळ्यांत म्हातारा, खांब कोरण्याचा मान त्याचा. तो म्हणाला, "आपण सगळे कचेरीत जाऊ. सरकारने माणूस नेलाय, जिवंत आहे की मेला ते सरकार सांगेल. जिवंत म्हणाले तर मी लाकडाला हात लावणार नाही."

इथे आम्ही फसलो. सरकार सांगेल ते जाणून सांगेल, असं आम्ही धरून चाललो. आमच्यात मेल्या-जित्याच्या गोष्टीत कुणी खोटं बोलत नाही, कितीही नालायक असला तरी. ते लोकही तसेच असतील असं वाटलं. काय ही आमची अक्कल!

साहेब पाव खात होता. अथुमानीने आमचं म्हणणं सांगितलं. साहेबाने वर बघितलं नाही. त्याने कुणाला विचारलं नाही, कुठे शोधलं नाही, क्षणभर आठवलंही नाही. पावावर काहीतरी लावता लावता दोन शब्द बोलला. अथुमानी आमच्याकडे वळला.

"मेला म्हणतात साहेब."

"कशाने?" मी विचारलं.

अथुमानीने विचारलं. साहेब बोलला. "तापाने."

"कुठे पुरला? अंगावर कापड घातलं का? कोण होतं जवळ?"

अथुमानीने हे विचारलंच नाही. "जा आता बाई," म्हणाला, "साहेब जेवतायत."

म्हणजे बघा! माझ्या नवऱ्याचा जीव त्या माणसाने घासाघासांच्या मधे घेतला. आमची कटकट संपावी म्हणून. मी तिथेच ओरडले, "हा खोटं बोलतोय! ह्याला काही माहीत नाही!" पण केंगाने माझा दंड धरला. "नयेवू," म्हणाला, "पोरी, सरकार म्हणालंय." आणि म्वारिंगा तिथेच कचेरीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. त्यामुळे मला आणखीच राग आला.

खांब उभा राहिला. केंगाने सुरेख कोरला होता. गोल डोकं, अंगावर त्रिकोणांची नक्षी. मी माझ्याच वस्त्राची पट्टी फाडून त्याच्या गळ्याला बांधली, ते मात्र मी मनापासून केलं. कारण तोवर मी माझ्या मनाशी ठरवलं होतं. माडीची करवंटी माझ्या हातात दिली, सगळे मागे सरकले, आणि मी खांबाच्या कानाशी वाकून पुटपुटले. बाकीच्यांना वाटलं, दुःखाने हिचा आवाज फुटत नाही. मी फोंडोचं नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "परमुलखात जो कुणी मेला असेल, ज्याला बोलवायला कुणी नाही, तू ये. तू बस इथे. हे कापड तुझं."

मग मी माडी ओतली. हे मी कुणालाच सांगितलं नाही. म्वारिंगाच्या घरात मात्र गेले नाही. "माझं मन होत नाही," एवढंच म्हणाले. त्यानेही पुन्हा विषय काढला नाही, उलट माझं छप्पर शाकारून दिलं.

वर्षं गेली. सिदीला न्हाण आलं, तिला मागणं आलं. आणि एका दुपारी मी नदीवरून पाणी घेऊन आले, तर पितरांच्या रांगेपाशी एक वाळका माणूस उकिडवा बसलेला. अंगावर गोणपाट, पायांच्या चिंध्या झालेल्या. मला वाटलं वाटसरू आहे, पाणी द्यावं.

तो खांबाकडे बोट करून म्हणाला, "हा नवा कुणाचा?"

माझ्या डोक्यावरचं मडकं खाली पडलं. आवाज तोच होता.

"तुमचाच," मी म्हणाले.

तो असा उठला, जशी खाली आग लावली. चार पावलं मागे सरकला. इतक्या वर्षांनी घरी आलेला माणूस, बायकोला विचारतो काय, तर, "तू माझं नाव घेतलंस?"

"नाही घेतलं."

"सिदीची शपथ?"

"सिदीची शपथ. मी तुम्हाला कशाला मारू? तुम्हाला मारायला सरकार होतं की."

तेव्हा कुठे त्याने माझ्या हाताला हात लावला. मग मी रडले, आणि रडता रडता त्याला शिव्या दिल्या, आणि उकड शिजवली.

जेवता जेवता तो सांगत होता. गलबतातून, मग आगगाडीतून, मग पायी, त्यांना एका मोठ्या तळ्याच्या काठी नेलं होतं. समुद्राएवढं, पण पाणी गोडं. तिकडचे लोक खालचे दात पाडून घेतात, त्यांची भाषा ह्यांना येईना. सडकेसाठी दगड फोडायचे. किती वर्षं फोडायचे ते कुणी सांगितलं नव्हतं. तिथेही साहेब बदलायचे, आणि नवा साहेब आला की विचारायचा, तुम्ही कोण? शिपाई सांगायचे, "फोंडो आणि त्याच्याबरोबरचे." एवढीच त्यांची ओळख. एकेक जण खोकून खोकून गेला. उरलेले कुठे कुठे पांगवले, ते फोंडोलाही कळलं नाही. शेवटी राखणारे शिपाईच सरकारने कमी केले, तेव्हा हा चालायला लागला.

"आणि थोया?" मी विचारलं.

फोंडोने हातातला घास खाली ठेवला.

"थंडीने गेला. तिकडे डोंगरातली थंडी फार. सडकेच्या कडेला पुरला. अंगावर एक कांबळं होतं. शिपाई म्हणाला, कांबळं सरकारचं आहे. काढून घेतलं." मग म्हणाला, "मरतानाही कशावर तरी हसत होता."

दारात म्वारिंगा उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. 

"वहिनी," तो म्हणाला, "तो थोया होता."

होय हो, थोयाच होता. कापड मागायला आला होता, त्याचं दुसरं घर तरी कुठलं? आणि मी त्या दिराला वांग्यांवरून टोचलं होतं. निदान कापड तरी त्याला मिळालं. माझ्या वस्त्राची पट्टी त्याच्या गळ्यात होती. तेव्हाच मी सगळ्यांना सांगून टाकलं, की त्या दिवशी खांबाशी मी काय बोलले होते.

आता फोंडोचं काय करायचं? हद्दपार केलेला माणूस परवानगीवाचून परत आला तर तो पुन्हा गुन्हेगार, हे आम्हाला ठाऊक होतं. आपल्याच घरी येणं हा गुन्हा! केंगा म्हाताऱ्याने आधी तोंडातला तंबाखू थुंकला. मग म्हणाला, "सरकारने नाव कुणाचं घेतलं होतं? एका फोंडोचं. फोंडो मेला, तेही सरकारच म्हणालं. थोयाचं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. ज्याचं नावच घेतलं नाही त्याला शोधणार कसे? हा आजपासून थोया."

झालं. माझा नवरा माझ्या घरचा गडी झाला. चारचौघांत मला म्हणावं लागायचं, "अरे थोया, लाकडं आण." तो म्हणायचा, "होय मालकीणबाई." कधी न हसणारा माणूस, पण हे म्हणताना त्याच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. मी त्याला मुद्दाम जास्त लाकडं आणायला लावायचे.

हे सुख फार टिकलं नाही. एका सकाळी नवा साहेब घोड्यावरून आला, मागे शिपाई, मागे झगा वर धरून अथुमानी. अथुमानीचे केस पिकले होते. फोंडो माळ्याखाली बसून मका सोलत होता. पळायला वेळच मिळाला नाही. तो खाली मान घालून सोलत राहिला.

अथुमानी म्हणाला, "फोंडो पळालाय. लांबच्या ठाण्यावरून निरोप आला. तो इकडे आला का?"

 मग माझ्या पोटात जे काही वर्षानुवर्षं साठलं होतं, ते वर आलं.

"कोण पळालाय?"

"फोंडो."

"मेलेला माणूस पळाला? तू नव्हतास का रे तिथे? तुझ्याच तोंडाने म्हणालास, साहेब म्हणतात मेला. तापाने. मी विचारलं कुठे पुरला, तर साहेब जेवतायत! मी खांब रोवला, मी विधवा झाले, माझ्या पोरीला मागणं आलं तेव्हा बाप मेलेली म्हणून आलं. आणि आज म्हणतोस पळाला? सांग तुझ्या साहेबाला. सगळं सांग, एक शब्द गाळू नकोस. तेव्हा नको ते सांगायची फार हौस होती तुला!"

अथुमानीची मान खाली गेली. त्याने किती सांगितलं देव जाणे. साहेब तरुण होता, गोंधळला. त्याने विचारलं, मग तो मेलाय की नाही, कसं ठरवायचं? आणि अथुमानीने, तीस वाड्या फिरलेल्या त्या लबाडाने, आमची रीत आमच्यावरच उलटवली. तो आधी साहेबाशी बोलला, मग मला म्हणाला, "बाई, तुमच्यात जिवंत माणसाचं नाव खांबाशी कुणी घेत नाही, जीव गेला तरी. साहेब म्हणतात, माडी ओत आणि त्याला मोठ्याने नावाने बोलव. आमच्यासमोर."

 इतकी वर्षं मी ते नाव दातांखाली धरून ठेवलं होतं. सगळी वाडी एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं मी ते सांभाळलं होतं. आणि आता नाव घ्यावं तर मी त्याला माझ्या तोंडाने मारणार, न घ्यावं तर हे त्याला पुन्हा त्या तळ्यावर नेणार. मी उभी राहिले.  माळ्याखाली मका सोलणारे हात थांबले होते.

मग म्वारिंगा पुढे आला. त्याने करवंटी भरून माझ्या हातात दिली, खांबापुढे गुडघे टेकले आणि गळा काढला, "दादा रे!" तो खांबाकडे तोंड करून रडत होता आणि खरोखरच रडत होता.

माळ्याखालून आवाज आला, "मालकीणबाई, माडी सांडतेय. बोलवा की त्यांना."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला जमलंच नसतं. मी माडी ओतली आणि नदीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "फोंडो! फोंडो, ये! ये आणि बस!"

साहेब समाधानाने मान हलवून घोड्याकडे वळला. अथुमानी मात्र माळ्याकडे गेला.

"हा कोण?"

"थोया," मी म्हणाले. "घरचा गडी."

अथुमानीने माझ्याकडे बघितलं. मला एकदम आठवलं, की त्या दिवशी गोरखचिंचेखाली थोया ओरडला तेव्हा सरकारच्या एकाच माणसाने मान वळवली होती, ती ह्याने. 

तो फोंडोजवळ वाकून हळू म्हणाला, "थोया तर फार हसायचा." मग सरळ झाला, झगा झटकला, आणि साहेबाच्या मागे निघून गेला. वाटेत तो साहेबाशी काही बोलला नाही. म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नका. आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पोचवलं, एकदा गप्प बसला, एवढंच.

त्या संध्याकाळी फोंडोला थंडी वाजून ताप भरला. मी जाणून होते कशाने. सगळी वाडी जाणून होती. तो त्यातून उठला, पुढे बरीच वर्षं जगला, सिदीची पोरं त्याच्या मांडीवर खेळली. ती त्याला थोयाआजोबा म्हणायची. पण तेव्हापासून त्याला भर उन्हातही गार वाटायचं. मी त्याला पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही. एकांतातसुद्धा नाही. भीती वाटायची, की चुकून खांबातून ओ यायची.

जायच्या दिवशी तो म्हणाला, "नयेवू, एकदा माझं नाव घे. माझ्यासाठी."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि घेतलं. त्याने ओ दिली. मग गेला.

एका नावाचे दोन खांब होत नाहीत. म्हणून त्याच्या खांबाशी मी थोयाच्या नावाने हाक मारली. आता रांगेच्या शेवटी दोघं शेजारी आहेत. लोक ज्याला फोंडोचा खांब म्हणतात, त्यात थोया बसलाय, आणि थोयाच्या खांबात माझा नवरा. आमच्या पितरांनासुद्धा ह्या सरकारने दुसऱ्याच्या नावाने जेवायला लावलं, याचा राग मी मेल्यावरही माझ्याबरोबर नेणार आहे.

कचेरीतून अजून कधीतरी कुणी येतं, जुन्या गुन्हेगारांचा ठावठिकाणा विचारतं. फोंडो कुठे आहे म्हणतं. मी पहिल्या खांबाकडे बोट दाखवते, ते मान हलवून निघून जातात. थोया कुठे आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.